देवमन मास्तरांचा श्वास कोणी धरला?

दिवाळीनंतर सोयाबीन निघालं आणि नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे, अमरावतीच्या रस्त्याला लागून असलेल्या मोकळ्या वावरात श्वासेश्वर महाराज उगवले. तीन दिवसांत मांडव पडला, पाचव्या दिवशी भोंगे लागले आणि आठव्या दिवशी अशी गर्दी लोटली की एसटी कोणी हात न दाखवताही तिथे थांबू लागली. बायाबापड्या, म्हातारेकोतारे, कमरेला मोबाइल लावलेले पुढारी, दोन पेन्शनर इंजिनियर, सगळे चपला हातात घेऊन सोयाबीनची धसकटं तुडवत मांडवात शिरत होते.

"साखर कोणाला आहे? हात वर करा," महाराज माइकवरून विचारत.

अर्ध्या मांडवाचे हात वर जात.

"खाली घ्या. ती साखर नाहीच. साखर असती तर मुंग्या लागल्या असत्या. ती आहे श्वासाला बसलेली गाठ. डॉक्टर रक्त तपासतो, श्वास कोण तपासतो? मी तुमचा श्वास मुठीत धरीन, गाठ सोडीन, श्वास परत देईन. अशा सात धारणा. एकविसाव्या दिवशी साखर गेलीच पाहिजे. नाही गेली तर भक्ती कमी पडली."

ही हमी एवढी पक्की होती की तिच्यातून सुटायला फक्त महाराजांनाच वाट होती. पण ते कोणाच्या ध्यानात येत नव्हतं, कारण पुढे जे दिसे ते खरोखरच दिसे. व्यासपीठावर एक खाट होती. तिच्यावर एक जाडजूड व्यापारी उताणा निजवला गेला. महाराजांनी त्याच्या कपाळाला विभूती लावली, पेटीवाल्याने सूर धरला. दहा मिनिटांत व्यापारी घोरू लागला, आणि मग एकदम घोरणं तुटलं. छाती हलेना. महाराजांनी मूठ मिटून उंच धरली आणि मांडव मोजू लागला. अठ्ठावीसला व्यापाऱ्याने पाण्यातून वर आल्यासारखा घसा खरडून श्वास घेतला, महाराजांनी मूठ उघडली, आणि हजार-दीड हजार माणसांनी जयजयकार केला.

तिसऱ्या ओळीत बसलेले देवमन मास्तर मात्र मनातल्या मनात हात चोळत होते.

देवमन मास्तर म्हणजे अमरावतीचे, राजापेठेतले निवृत्त विज्ञान शिक्षक. तीस वर्षं त्यांनी पोरांना उष्णता, प्रकाश, ध्वनी शिकवलं आणि तीस वर्षांचे रविवार गावोगाव चमत्कारांची पोलखोल करण्यात घालवले. जळता कापूर जिभेवर ठेवायचा, लिंबातून रक्त काढायचं, आणि मग सुरीला काय लावलं होतं ते सांगायचं. सोळा बाबांना आपण गाव सोडायला लावलं, असं ते सांगत. त्यांच्या पत्नी चतुराबाई यांच्या हिशेबाने ते बाबा अकरा होते, पण मास्तर बोलत असताना त्या मध्ये पडत नसत.

मास्तरांना बारा वर्षांपासून साखर होती. रक्तदाबाच्या तीन तऱ्हेच्या गोळ्या चालू होत्या, तरी दाब खाली बसत नव्हता. चाललं की पोटऱ्या भरून येत. झोप मात्र राजाची. सभेत ते झोपत, जेवता जेवता झोपत, एका मित्राच्या शोकसभेत तर वक्ते असून झोपले होते. राजापेठच्या चौकात सिग्नलला त्यांची गाडीवरच डुलकी लागली, तेव्हा मागच्या टेम्पोवाल्याने त्यांना हॉर्न मारून जागं केलं होतं. "ज्याचं मन साफ, त्याले पडल्या पडल्या झोप," असं ते अभिमानाने म्हणत. या विधानाला पुरावा काही नव्हता, पण विधान त्यांचंच असल्यामुळे तो कोणी मागितला नव्हता.

चतुराबाईंनी मात्र एकदा विषय काढला होता.

"अजी, झोपेत तुमचा श्वास बंद पडते. मी मोजते. कधी कधी तिशीच्या वर जाते."

"किती लोकांनी पाहिलं?" मास्तरांनी चष्मा पुसत विचारलं.

"खोलीत मी एकटीच असते ना. गाव बोलावू का?"

"एका साक्षीदारावर निष्कर्ष निघत नाही, चतुरा. अन् तो साक्षीदारबी अर्धवट झोपेत."

चतुराबाई त्या दिवसापासून गप्प बसल्या. मोजणं मात्र त्यांनी सोडलं नाही, कारण मोजणं संपून नवरा पुन्हा श्वास घेईपर्यंत त्यांचा डोळा लागत नसे.

तर असे हे मास्तर महाराजांच्या मांडवात आले होते ते नत्थुजींमुळे. नत्थुजी त्यांचा नांदगावच्या शाळेतला बालमित्र. काळ्या मातीतला कष्टकरी माणूस, घरी सात एकर, आणि पंधरा वर्षांची साखर. त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला दोन महिन्यांपासून जखम होती आणि ती भरत नव्हती. डॉक्टरने बजावलं होतं, की गोळ्या आणि रोजची पट्टी चुकली नाही तर अंगठा भरून येईल, चुकली तर पायाचं सांगता येत नाही. नत्थुजीची बायको आशाबाई रोज सकाळी पट्टी बदलत होती. अशात महाराज उगवले आणि नत्थुजीचं मन दोन ठिकाणी झालं.

"देवमन, तू ये अन् पाह्य," त्याने फोनवर सांगितलं होतं. "तू खोटं म्हनलं त मी गोळ्या घेत राहीन. तू खरं म्हनलं त गोळ्या नालीत. मले दुसऱ्या कोनाचं आयकाचं नाई."

हे ऐकून मास्तरांची छाती फुगली होती. खरं तर घाबरायला हवं होतं.

महाराजांच्या धारणेआधी महाप्रसादाची पंगत असे. रोडगे, तूप, घट्ट वरण, वांग्याची झणझणीत भाजी. रोडगा हा वऱ्हाडी माणसाचा काय बेत असतो ते वऱ्हाडी माणसालाच माहीत. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला कणकेचा गोळा तुपात बुडवून खाल्ला की दुपारी बैलसुद्धा बसून घेतो. साखरेच्या माणसाने एकावर थांबावं, हे मास्तर दुसऱ्यांना सांगत आले होते. स्वतः त्यांनी चार खाल्ले. शत्रूच्या पंगतीत कमी खाल्लं तर तो आपल्याला भ्याला समजतो, असं त्यांनी नत्थुजीला समजावलं. तिकडे चतुराबाई बसल्या होत्या त्या बायांच्या पंगतीत स्वप्निल नावाचा चाळिशीतला सेवक तूप वाढता वाढता मावशी, काकू करत सगळ्यांची विचारपूस करत होता.

जेवणं झाली, त्या व्यापाऱ्याची धारणाही झाली. मास्तर उठून उभे राहिले आणि तीस वर्षांच्या सरावाच्या आवाजात म्हणाले, "महाराज, माझा श्वास धरून दाखवा."

महाराजांनी मास्तरांकडे पाहिलं, विशेषतः त्यांच्या मानेकडे. तेवढ्यात स्वप्निलने महाराजांच्या हातात एक चिठ्ठी दिली. महाराजांनी ती वाचली आणि हसले.

"या मास्तर. तुमच्यासारखे ज्ञानी लोक तर आम्हाला हवेच असतात. उताणे निजा. डोळे मिटा. पंखा इकडे करा रे, मास्तरांना वारा येऊ द्या."

मास्तरांचा बेत साधा होता. खाटेवर पडायचं, दहा मिनिटं मोठ्याने श्वास घेत राहायचं आणि उठून भाषण करायचं. श्वास घेत राहणं काही अवघड नव्हतं, बासष्ट वर्षांचा सराव होता. त्यांनी डोळे मिटले. पेटीचा एकच सूर लांबत होता. पंख्याचा वारा बरा वाटत होता. भाषणाचं पहिलं वाक्य त्यांनी मनात जुळवलं, दुसरं अर्धं जुळवलं.

त्यानंतर त्यांना आठवतं ते एवढंच, की आपण दचकून उठलो, घशाला कोरड पडली होती, काळीज धाडधाड उडत होतं, आणि अख्खा मांडव उभा राहून आपल्याकडे बोट दाखवत ओरडत होता.

"बत्तीस," महाराज शांतपणे माइकमध्ये म्हणाले. "बत्तीस मोजेपर्यंत मास्तरांचा श्वास या मुठीत होता. विज्ञानाची गाठ जरा घट्ट असते."

नत्थुजी व्यासपीठाशी आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "देवमन, तुहा श्वास खरंच थांबला होता. मी सोता पाह्यलं. काय झालं तुले?"

मास्तरांनी खाटेवर चष्मा चाचपला, तो नाकावरच होता.

"मले माहीत नाही," ते म्हणाले. ते खरं होतं, पण त्या मांडवात त्याचा अर्थ एकच निघत होता.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ अमरावतीभर फिरला. जुने विद्यार्थी मोबाइलवर आदराने जोडलेल्या हातांची चित्रं पाठवू लागले. ज्या मास्तरांनी सोळा, किंवा अकरा, बाबा पळवले, ते मास्तर पोटावर हात ठेवून घोरतायत, मग थांबतायत, आणि मागे हजार लोक मोजतायत. राजापेठच्या पानठेल्यावर तो व्हिडिओ आवाजासकट लावला जाई आणि मास्तर दिसले की आवाज तेवढा बंद होई. एवढा मान त्यांना अजून शिल्लक होता.

दुसऱ्या दिवशी आशाबाईचा फोन आला. नत्थुजीने गोळ्यांची पुडी खरंच नालीत टाकली होती, पट्टी सोडली होती आणि मनगटाला महाराजांचा दोरा बांधला होता. मास्तरांनी फोन त्याच्याकडे द्यायला लावला.

"नत्थू, गोळ्या चालू कर."

"मंग सांग, कसं झालं ते."

"सांगतो, थोडा वेळ दे."

"सांग, अन् मंग करतो. तू सोता म्हनत होता, समजल्याबिगर कोनाचं आयकू नोको."

आपलंच वाक्य आपल्या टाळूवर येऊन बसावं, तसं मास्तरांना झालं.

मग मास्तर कामाला लागले. आधी त्यांना वाटलं, संमोहन. त्यावरची दोन पुस्तकं वाचता वाचता ते दोनदा झोपले. मग वाटलं, तुपात गुंगीचं औषध. हा तर्क त्यांना फार आवडला. एका माणसाकरवी त्यांनी मांडवातलं तूप मिळवलं आणि ओळखीच्या रसायनाच्या प्राध्यापकाकडे तपासायला नेलं. प्राध्यापकाने सहा दिवस लावले आणि कळवलं, की हे तूप आहे, बरं आहे, आणि उरलेलं त्याने घरी नेलं आहे. त्या सहा दिवसांत नत्थुजीचा अंगठा काळा पडायला लागला होता. आशाबाई फोनवर रडत होती.

मास्तर त्या संध्याकाळी ओसरीवर डोकं धरून बसले.

"महाराजाले कसं समजलं की मी झोपीन? अन् झोपल्यावर थांबीन? मी आपणहून उठलो, तरी तो घाबरला कसा नाही..."

"मी सांगतलं," चतुराबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

मास्तरांचे हात डोक्यावरून खाली आले.

"तूप वाढणाऱ्या त्या माणसानं पंगतीत विचारलं, मावशी, घरी साखर कोनाले? घोरते कोन? झोपेत दम कोंडून उठते कोन? सगळ्या बायाइले विचारून राहिला होता. मी म्हनलं, आमचे मास्तर, आजच आले हायेत, ते का तिसऱ्या ओळीत. त्यानं लिहून घेतलं. चांगलं आयकून घेतलं त्यानं. किती वर्सांपासून, किती सेकंद, सगळं विचारलं."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुमाले सांगतलं होतं. तुमी मले अर्धवट झोपेतला साक्षीदार म्हनलं."

एका लबाड माणसाने आपल्या बायकोचं ऐकून घेतलं आणि ते खरं निघालं. आपण विवेकाची दीक्षा देत हिंडलो आणि घरातल्या निरीक्षणाला केराची टोपली दाखवली. मास्तरांना एवढी लाज मांडवातही वाटली नव्हती. "चतुरा, माझं चुकलं," ते म्हणाले. त्या म्हणाल्या, "ते मंग पाहू. आधी अकोल्याले जा."

अकोल्याला, जुन्या शहरात, मास्तरांची भाची ज्योत्स्ना हिचा दवाखाना होता. डॉक्टर ज्योत्स्नाने व्हिडिओ आधीच पाहिला होता. हसू येऊ नये म्हणून तिने तोंडावर रुमाल धरला, मग मामाची मान टेपने मोजली आणि हसणं थांबवलं. एका रात्रीपुरतं तिने मामाच्या बोटाला आणि नाकाला एक छोटं यंत्र लावून दिलं. सकाळी त्यातले आकडे वाचून ती म्हणाली, "मामा, तासाले बेचाळीस वेळा तुमचा श्वास थांबते नाहीतर अडते. ऑक्सिजन चौऱ्याहत्तरवर गेला होता. कोरोनात असा आकडा दिसला असता त आपण अँब्युलन्स बोलावली असती."

"पण मले काही समजत कसं नाही?"

"झोपलेल्या माणसाले समजत नाही, जागणाऱ्याले समजते. उताणं निजलं की जीभ अन् घशाचा ढिला भाग मागे पडते, हवेची वाट बंद होते. छाती ओढते, हवा येत नाही. मेंदू घाबरून तुमाले अर्धं जागं करते, की पुन्हा सुरू. दिवसा जे जिथं तिथं झोपता ना, ते साफ मनामुळे नाही. रात्री झोपच होत नाही तुमची."

राजाची झोप तिथेच पदच्युत झाली.

"अन् साखरेचं?"

"तेच त महत्त्वाचं. साखरेनं रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर आधीच खराब होत असते. त्यात दर थांब्याले ऑक्सिजन पडते अन् मंग रक्तदाब उसळी मारते. शेतातली मोटार रात्रभर मिनिटामिनिटाले चालू-बंद केली त जुन्या नळीचं काय होईल? तुमचा दाब तीन गोळ्यांनी बसत नाही, त्याचं हे एक कारण असू शकते. साखरवाल्यांमध्ये हा आजार बम दिसते, अन् हृदय, मेंदू, डोळे, किडनी, पाय, सगळीकडच्या वाहिन्यांले त्याचा ताप. रात्री नाकावर हवेचं यंत्र लावा, वजन कमी करा. यंत्रानं साखर जाणार नाही, सांगून ठेवते. गोळ्या चालूच."

मग तिने व्हिडिओ हळू चालवून लावला. "मूठ पाहा. तुमचा श्वास आधी थांबते, महाराजाची मूठ मंग मिटते. तुमी आधी धडपडून उठता, मूठ मंग उघडते."

मास्तरांनी तो तुकडा पाच वेळा पाहिला. कारण मागाहून आणि परिणाम आधी, असं त्यांनी तीस वर्षांत एकाही पोराला लिहू दिलं नव्हतं.

"नत्थूले सांगून भागणार नाही," ते म्हणाले. "त्याले दाखवावं लागीन."

"काय दाखवता?"

"मी झोपून दाखवतो."

चार रात्री मास्तरांनी हवेच्या यंत्राची सवय केली आणि पाचव्या दिवशी नांदगावच्या शाळेच्या आवारात सभा लावली. मांडवात होती तशीच खाट, तसेच रोडगे, तीच दुपारची वेळ, फक्त महाराज नाहीत. मास्तर सोळा बाबा पळवणारे होते म्हणून लोक आले नव्हते, मास्तर पुन्हा घोरणार म्हणून आले होते. गर्दी मांडवापेक्षा कमी नव्हती. नत्थुजीला आशाबाईने हाताला धरून पुढे खुर्चीवर बसवलं होतं. त्याच्या पायाला कापड गुंडाळलं होतं आणि त्याचा वास दोन खुर्च्यांपर्यंत येत होता.

ज्योत्स्नाने मामाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. मास्तर उताणे पडले. आणि झोप येईना. सभा, जेवणाचं ताट, शोकसभा, सिग्नल, कुठेही दगा न दिलेली झोप नेमकी त्या दिवशी रुसली. पंधरा मिनिटं झाली. पोरं हसू लागली. नत्थुजी दोऱ्याशी चाळा करत होता. मास्तरांना घाम फुटला, आणि घाम आलेल्या माणसाला तर झोप मुळीच येत नाही. शेवटी वेळ भरायला म्हणून सरपंच प्रास्ताविकाला उठले. तिसऱ्या वाक्याला मास्तर घोरू लागले.

यापुढचं मास्तरांना दुसऱ्यांनी सांगितलं, कारण प्रयोगाचा महत्त्वाचा भाग चालू असताना शास्त्रज्ञ हजर नव्हते.

घोरणं वाढत गेलं आणि तुटलं. ज्योत्स्ना माइकवर आकडे वाचू लागली. "पंच्याण्णव. एक्याण्णव. शहाऐंशी." चतुराबाई मोजत होत्या. एकोणतीसला मास्तर धडपडले, श्वास आला, आणि न उठता पुन्हा घोरू लागले. पुन्हा थांबले. चौतीस. "एक्याऐंशी," ज्योत्स्नाने वाचलं. गावात कुठे मूठ नव्हती. कोणी जयजयकार केला नाही. एका म्हाताऱ्याने म्हटलं, "अबे, उठवा त्याले, मरून जाईन."

स्वप्निल सेवक मागून उभा राहिला. "महाराजांनी दुरून धरला श्वास. त्यांना अंतराचं बंधन नाही."

"ठीक आहे," ज्योत्स्ना म्हणाली. "आता महाराजांले सांगा, असाच धरून ठेवा." तिने झोपलेल्या मामाच्या नाकावर हवेच्या यंत्राचा मुखवटा बसवला. मास्तर जागे झाले, कूस न बदलता पुन्हा झोपले. घोरणं नाही. थांबणं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. "शहाण्णव. शहाण्णव. सत्त्याण्णव." लोक वाट बघत होते आणि काहीच होत नव्हतं. विसाव्या मिनिटाला पोरं पांगली, काही माणसं चहाला गेली. एक माणूस नीट झोपला आहे, यात बघण्यासारखं असतं तरी काय.

चतुराबाई तेवढ्या खाटेशी बसून राहिल्या. त्यांनी दोनदा मास्तरांच्या छातीवर हात ठेवून पाहिला. वीस वर्षांत त्यांनी आपला नवरा असा निजलेला पाहिला नव्हता. त्यांना रडू आलं आणि चारचौघांत आलं, त्याची त्यांना पर्वा वाटली नाही.

तेव्हा आशाबाई उठली. "स्वप्निल, पंगतीत चिठ्ठ्या कोन लिहत होतं?"

तो चपला शोधू लागला.

"मले बी विचारलं होतं तुनं. मी म्हनलं, आमचे हे घोरत नाईत. मंग त्याइले खाटेवर काहून नाई घेतलं कधी? दोराच दिला नुसता."

"मलेबी विचारलं होतं," बायांतून पार्वताबाई म्हणाल्या. "आमच्या मालकाचं नाव मी सांगतलं, अन् त्याइचाच श्वास धरला."

"मलेबी," तिसरी म्हणाली.

"काय लिहत होता रे?" आशाबाईने विचारलं.

स्वप्निलने जमिनीकडे पाहत सांगितलं, "साखर आहे का. घोरते का. झोपेत थांबते का. मान जाड की बारीक."

बायांच्या बाजूला कालवा सुरू झाला. आमच्या घरीबी होते, आमच्या सासऱ्याइचं होतं, ते झोपेतच गेले, म्या सांगतलं होतं पन कोन आयकते. ज्योत्स्नाने माइक ठेवला आणि वही घेतली. त्या दुपारी तिने एकोणीस नावं लिहिली. सगळी बायांनी सांगितली होती, आणि त्यांतली तीन बायांची स्वतःची होती.

मास्तर जागे झाले तेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. प्रयोग फसला असं समजून त्यांनी मुखवटा काढला आणि माफी मागायला तोंड उघडलं. समोर नत्थुजी उभा होता. मनगटावर दोरा नव्हता.

"समजलं," तो म्हणाला. "आता गाडी काढ."

त्याच संध्याकाळी ज्योत्स्नाने त्याला अकोल्याला नेऊन भरती केलं. सतरा दिवस गोळ्या नव्हत्या. अंगठा वाचला नाही. पाय वाचला.

चौथ्या दिवशी मास्तर वॉर्डात गेले. मांडव उठल्याची, महाराज पुढच्या तालुक्यात गेल्याची बातमी त्यांच्याजवळ होती, पण ती सांगावीशी वाटेना. पट्टीत गुंडाळलेल्या पायाकडे पाहत ते म्हणाले, "नत्थू, हा अंगठा माझ्यामुळे गेला. मी त्या खाटेवर चढलोच नसतो त."

"तुयामुळेच गेला," नत्थुजी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मास्तरांना ते जास्त लागलं. "पन तू झोपला म्हनून नाई. पाह्य, डॉक्टरनं मले सांगतलं होतं, गोळी सोडू नोको. त्याच्याजवळ माह्या रक्ताचा रिपोर्ट होता. तरी मी म्हनलं, देवमन सांगीन ते खरं. तू पडला खाटेवर, अन् मी गोळ्या टाकल्या. आमी तुलेबी बाबाच करून ठेवलं होतं. अन् तुले ते आवडत होतं."

आवडत होतं. तीस वर्षं आवडत होतं.

पुढे त्यांचे रविवार पुन्हा सुरू झाले. कापूर, लिंबू, सुरी सगळं असतं, आणि शेवटी ते आपला व्हिडिओ लावतात, आवाजासकट. लोक पोट धरून हसतात. हसू ओसरलं की मास्तर नत्थुजीच्या अंगठ्याची गोष्ट सांगतात आणि सभा संपवतात ती अशी:

"बाबाचं ऐकू नका, हे तुमाले ठाऊक आहे. माझंबी ऐकू नका. मी सांगितलं म्हणून काही सोडू नका, मी सांगितलं म्हणून काही धरू नका. साखर असेल त रक्त तपासा, पाय तपासा, दाब तपासा. अन् आज घरी गेल्यावर शेजारी निजणाऱ्या माणसाले एवढंच विचारा, मी झोपेत कसा दिसतो. ती जे सांगीन ते लिहून घ्या अन् डॉक्टरकडे न्या."